बकुळाबाईंचा चुंबक

हिराबाईंची एक खोड बकुळाबाईंना मुळीच सहन होत नसे. बाई घरात आली, पाय धुतले, पाणी प्यायली, की सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहायची आणि माळ्याकडे बघायची. तोंडाने एक शब्द नाही. माळ्यावर गोणपाटाचं एक गाठोडं होतं, सुतळीने शिवलेलं. आधी त्या गाठोड्याकडे बघायचं, मग खाली बकुळाबाईंकडे बघायचं, आणि चहात साखर कमी घाला म्हणून सांगून ओटीवर जाऊन बसायचं. आठ वर्षं हे असं चाललं होतं. बोलणाऱ्या बाईला बकुळाबाई कधी भ्यायल्या नाहीत. नरपडच्या त्यांच्या आळीत त्यांच्या तोंडी लागून कोणी धडपणी घरी गेलेलं नव्हतं. पण जी बोलतच नाही तिला उत्तर काय देणार? आणि सांगायचं कोणाला? हिराबाई म्हणजे सख्खी विहीण, सून नूतनची आई.

गाठोड्यात अकरा भांडी होती. हिराबाईंनी नूतनच्या लग्नात दिलेली. ती माळ्यावर का गेली हे कळायचं तर आधी चुंबकाचं सांगायला हवं.

बकुळाबाईंची शाळा दुसरीपर्यंत, आणि त्यातलाही बराच भाग चिकूच्या वाडीत पाखरं हाकण्यात गेलेला. पण भांड्यातलं त्यांना कळायचं तेवढं पदवीवाल्यांना कळत नव्हतं, असं त्या स्वतःच सांगत. फार वर्षांपूर्वी उंबरगावचा एक भांडीवाला दारावर यायचा. त्याने त्यांच्या कानात सांगितलं होतं की बेन, अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नाही, चिकटला की समजायचं आत लोखंड आहे. त्याच आठवड्यात नवऱ्याचा, रामनाथरावांचा, रेडिओ बंद पडला. रामनाथराव तो दुरुस्तीला नेणार तोवर बकुळाबाईंनी त्याचा कर्णा फोडून आतला चुंबक काढला होता. बिस्किटाएवढा, काळा, मध्ये भोक असलेला. त्यात दोरा ओवून त्यांनी तो कमरेला लावला. किल्ल्या त्याला आपोआप चिकटून बसत, वेगळी गाठ मारावी लागत नसे. रामनाथरावांनी त्यानंतर बातम्या शेजारी जाऊन ऐकल्या.

त्या चुंबकाने बकुळाबाईंचं नाव काढलं. आळीत कोणाकडे लग्न निघालं की भांडी घ्यायला बकुळाबाईंना बोलावणं. डहाणूच्या बाजारात त्या रिक्षातून उतरताना दिसल्या की दुकानदार काही काही चळती हळूच मागच्या खोलीत सरकवत. आणि घरोघर जाऊन त्यांनी जुनी भांडीही तपासली होती. चिकटलं, की "मोडीत घाल." चिकटलं नाही, की "राहू दे." दहा-बारा वर्षांत त्यांनी आख्खी आळी अशी स्वच्छ केली, की चुंबक चिकटेल असा साधा पेलासुद्धा कोणाकडे उरला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर नूतनचं लग्न. वेवजीचा मांडव, दोन्हीकडची मिळून चारशे माणसं, आणि मधोमध हिराबाईंनी मांडलेली अकरा भांडी. जाड बुडाची, सपाट, एकात एक बसणारी. सगळ्यांच्या माना बकुळाबाईंकडे वळल्या. आता ज्याची ख्याती ते माणसाने करून दाखवायला नको? बकुळाबाईंनी कमरेचा चुंबक सोडला आणि पहिल्या टोपाला लावला.

चट्.

दुसऱ्याला लावला. चट्. अकराव्यापर्यंत चट्. मांडवात सनईवाला होता, तोही थांबला. बकुळाबाई काही वाईट बाई नव्हत्या. आपण विहीणबाईंना सांभाळून घ्यावं असं त्यांना मनापासून वाटलं, म्हणून त्या मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "भांडी हलकी असली तरी मुलगी भारी आहे." ह्याहून चांगलं कोण काय बोललं असतं, असं त्यांना आजही वाटे. हिराबाई काही बोलल्या नाहीत. त्या भांड्यांबद्दल तेव्हापासून कधीच बोलल्या नाहीत. आणि भांडी नरपडला आल्या दिवशी गोणपाटात शिवून माळ्यावर गेली.

मांडवातली ती गोष्ट संध्याकाळपर्यंत घोलवडला पोचली, दुसऱ्या दिवशी तलासरीला, आणि मग ती ज्या घरात पोचू नये त्याच घरात पोचत राहिली. बकुळाबाईंचा धाकटा दीपेश बत्तिशीला आला. मुलगा कामाचा, वाडी सांभाळणारा, सुपारीचंही व्यसन नाही. तीन स्थळं येऊन गेली. तिन्ही ठिकाणी पत्रिका जुळली, मुलगा आवडला, चिकूची वाडी तर फारच आवडली, आणि मग निरोप यायचा बंद झाला. तिसऱ्या वेळी मध्यस्थाने खरं काय ते सांगून टाकलं. मुलगा सोन्यासारखा आहे म्हणाला, पण सासू चुंबक लावते.

बकुळाबाईंनी त्याला लोकांच्या मुलीच कच्च्या असं उत्तर दिलं. पण त्या दिवसापासून दीपेश जेवताना मान खाली घालून जेवू लागला, आणि ते त्यांना दिसत होतं.

चौथं स्थळ खुद्द हिराबाईंनी आणलं. त्यांच्या मावसबहिणीची मुलगी रिया, कोसबाडला बालवाडीत शिकवणारी. बकुळाबाईंना आधी ह्यात काहीतरी डाव वाटला. पण नूतनने सांगितलं, की तिच्या मावशीची, म्हणजे रियाच्या आईची, एकच अट आहे. मुलगी द्यायच्या आधी तिला इथलं स्वयंपाकघर बघायचं आहे. बाकी काही नाही. घरात सगळ्यांना कळलं स्वयंपाकघरात काय बघायचं आहे ते. सुनेच्या माहेरचं सामान ह्या घरात वापरतात की वर टाकतात, एवढंच. रामनाथरावांनी माळ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"येऊ दे," बकुळाबाई म्हणाल्या. "असं स्वयंपाकघर दाखवते, की वर बघायचं तिला सुचणारच नाही."

कारण त्यांच्याकडे शेगडी होती.

सोळा सालच्या दिवाळीत मोठ्या जतीनला, नूतनच्या नवऱ्याला, कंपनीतून विजेची शेगडी मिळाली होती. इंडक्शन. काळी, काचेची, चपटी. वर लोण्याचा गोळा ठेवावा अशी गार. आग नाही, धूर नाही, काजळी नाही. बकुळाबाईंनी तिला ओट्यावर मानाची जागा दिली, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि तिला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला. आळीतल्या बायका येऊन बघून जात. बकुळाबाई रुमालाचं एक टोक उचलून दाखवत आणि परत सोडत, जसं काही आत बाळ झोपलंय. एकदा नूतनने शेगडीबरोबरचा कागद वाचायला काढला आणि ह्याला भांडी वेगळी लागतात असं काहीतरी सांगू लागली. तिला वाक्य पुरं करता आलं नाही. भांड्यातलं बकुळाबाईंना कोणी सांगायचं म्हणजे समुद्राला मीठ नेऊन देण्यासारखंच की!

पाहुणे यायची तारीख ठरली, माघातला रविवार, आणि बकुळाबाईंना चेव आला. परसातली चूल त्यांनी स्वतःच्या हाताने, कुदळ घेऊन मोडली. आता ह्या घरातून धूर निघणार नाही, पाहुण्यांचा सगळा स्वयंपाक बिनआगीच्या शेगडीवर होणार, असं त्यांनी कुंपणापलीकडे चार बायका उभ्या असताना जाहीर केलं. शेजारच्या भिकीकडे त्याच रविवारी नातवाचं बारसं होतं. तिला सिलिंडर कमी पडत होता. बकुळाबाईंनी आपला शिलकीतला भरलेला सिलिंडर उचलून तिच्याकडे पाठवला. भिकी नको नको म्हणत होती. बकुळाबाईंनी तिला सांगितलं की घे गं, आम्हाला आता शोभेलाच आहे तो.

रविवारी सकाळी जतीन आणि दीपेश गाडी घेऊन निघाले. आधी वेवजीहून हिराबाईंना घेणार, मग कोसबाडहून रियाच्या घरच्यांना, आणि बारा-साडेबाराला घरी. घरात रामनाथराव, नूतन आणि बकुळाबाई. बेत भारी होता. वालाचं बिरडं, भात, पुऱ्या, शेवयांची खीर, आणि बकुळाबाईंची उकडहंडी, म्हणजे कोनफळ, रताळी, पापडी, शेंगा, सगळं हिरव्या वाटणात माखून मातीच्या हंडीत रचून वाफेवर शिजवायचं. ती हंडी खाऊन एकदा तालुक्याचा साहेब बदलीचा अर्ज मागे घ्यायला निघाला होता, असं बकुळाबाई सांगत. साहेबाचं नाव त्या दर वेळी वेगळं सांगत.

खिरीचं दूध गॅसवर ठेवलं होतं. मुख्य स्वयंपाक शेगडीवर, पण दूध आपलं जुन्या गॅसवर, सवयीने. साडेआठला ज्योत पिवळी झाली, एकदा उसासली आणि गेली. बकुळाबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं झालं, म्हणजे आता सगळंच शेगडीवर होईल. त्यांनी रुमाल काढला, शेगडीला हळदकुंकू वाहिलं, आपलं लाडकं कल्हईचं पितळी पातेलं घासून पुसून वर ठेवलं आणि बटण दाबलं.

शेगडी तीनदा किंचाळली. कपाळावर कंगव्यासारखं तीन दातांचं एक अक्षर उमटलं आणि ती बंद झाली.

"काय म्हणते?" बकुळाबाईंनी विचारलं.

"नको म्हणते," नूतन म्हणाली.

पितळ नको तर नको. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप ठेवला. शेगडी किंचाळली. तांब्याचा हंडा ठेवला. किंचाळली. मातीची हंडी ठेवली. हंडी वर आहे हे तिला कळलंसुद्धा नाही. मग बकुळाबाईंनी आपली खरी ठेव काढली, चुंबकाने पारखलेली, वर्षानुवर्षं निवडून घेतलेली अस्सल स्टीलची भांडी, ज्यांना चुंबक असा लागून घसरून पडे जसा पानावरून थेंब. एकामागून एक वर ठेवली. एकामागून एक नापास. मुली बघायला आलेला एखादा नखरेल मुलगा पोहे खाऊन खाऊन नाही म्हणत जावा, तशी ती शेगडी नऊ वाजेपर्यंत बकुळाबाईंच्या सगळ्या भांडारावरून फिरली आणि एकही पसंत केलं नाही. भाकरीचा लोखंडी तवा ठेवला तेव्हा क्षणभर गुरगुरली. पण तव्याला खोलगट बूड, तो काचेवर डुगडुगायला लागला, मध्येच टेकला, मध्येच उचलला गेला, आणि शेगडीने त्यालाही घालवून दिलं.

बकुळाबाईंनी काचेवर हात ठेवून बघितला. गार. "बिघडलेली दिली जतीनला," त्या म्हणाल्या. "माणूस सरळ बघून काहीही खपवतात."

नूतन तोवर तो कागद घेऊन आली होती. त्यावर मराठी नव्हतं. पण ती वेवजीची, पलीकडच्या बाजूला गुजरात, तिला गुजराती वाचता यायचं. तिने वाचलं, परत वाचलं, आणि सासूकडे न बघता सांगितलं. ही शेगडी स्वतः तापत नाही. काचेखाली तारेचं वेटोळं आहे, त्यातून वीज फिरली की चुंबकासारखा जोर वर येतो. भांड्याच्या बुडात लोखंड असेल तर तो जोर त्याला धरतो आणि बूडच तापतं. पितळ, तांबं, जर्मन, माती, ह्यांना तो धरत नाही. बूड सपाट हवं. आणि भांडं चालेल की नाही हे घरी बघायचं असलं तर...

ती थांबली.

"तर काय?"

"बुडाला चुंबक लावून बघायचा, आई. चिकटला तर चालतं. नाही चिकटला तर नाही."

बकुळाबाईंचा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे चुंबक किल्ल्यांना घट्ट धरून बसला होता, जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

रामनाथरावांनी दारातून सुचवलं की वाडीत तीन दगड मांडून देतो, लाकूड आहे. बकुळाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते वाडीत गेले, पण दगडांसाठी नाही. धूर? आज? चार बायकांना सांगून चूल मोडली ती काय हिराबाईंना रस्त्यावरूनच धूर दिसावा म्हणून? आणि भिकीचा सिलिंडर मागायचा तर तिच्याकडे त्यावर दीडशे पानांचं जेवण चढलेलं. दिलेली वस्तू परत मागणाऱ्यातल्या बकुळाबाई नव्हत्या. पण एखादं भांडं? चिकटणारं एखादं भांडं कोणाकडे तरी असेलच.

त्या आळीत शिरल्या. भांडं उसनं मागायला आले असं त्या मेल्या तरी म्हणणार नव्हत्या. भांडी तपासायची बरेच दिवस राहिली आहेत, म्हटलं आज उरकून टाकू, असं म्हणाल्या. बायका बारशाला निघालेल्या, केसात गजरे माळून झालेले. तरी बकुळाबाई आल्या म्हटल्यावर कौतुकाने फडताळं उघडली गेली. पहिल्या घरात चुंबक लावला. घसरला. "बघा, तुम्ही सांगितल्यापासून एकसुद्धा चिकटणारं ठेवलं नाही," ती बाई म्हणाली. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरातल्या सुनेने तर सांगितलं की तिच्या माहेरून आलेला एक टोप चिकटत होता, पण बकुळाबाई काय म्हणतील म्हणून तिने तो गेल्या महिन्यात मोडीत घातला. बकुळाबाई तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. तिला ती शाबासकी वाटली.

सात घरं झाली. सातही घरांत चुंबक कशालाच चिकटेना. शेवटच्या घरातल्या दाराच्या कडीला तेवढा चिकटला, आणि कडीत भात शिजत नाही.

त्या परत आल्या तेव्हा दहा वाजत आले होते. ओट्यावर वाल सोललेले, कोनफळं चिरलेली, पीठ भिजवलेलं, सगळं कच्चं. गाडी आता वेवजीहून निघाली असेल. बकुळाबाई पाटावर बसल्या. दीपेश सकाळी निघताना आरशासमोर दोनदा गेला होता. एकदा केस बसवायला, आणि एकदा उगीच. तो मान वर करून घराबाहेर पडला होता, कितीतरी महिन्यांनी.

नूतनने हात पुसले. ती नुसती उंबऱ्यात उभी राहिली आणि माळ्याकडे बघू लागली. अगदी आईसारखी. आठ वर्षांत बकुळाबाईंच्या हे लक्षात आलं नव्हतं की ही खोड लेकीतही उतरली आहे.

"अहो," बकुळाबाईंनी वाडीकडे तोंड करून हाक दिली, "शिडी आणा."

गाठोडं खाली आलं. सुतळी विळीवर कापली. आठ वर्षांची धूळ उडाली, दोन झुरळं उडाली, आणि आतून अकरा भांडी निघाली, लग्नातल्यासारखीच चकचकीत, एकात एक बसलेली. सर्वांत वरच्या टोपाच्या बुडाला बकुळाबाईंनी चुंबक लावला.

चट्.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो आवाज गोड वाटला. टोप धुतला, पाणी भरलं, शेगडीवर ठेवला, बटण दाबलं. शेगडीने हूं केलं. नाक न मुरडता, न किंचाळता, नुसतं समाधानाने हूं. आणि बकुळाबाई तांदूळ घ्यायला वळून परत येईपर्यंत पाणी उकळून ओट्यावर आलं होतं.

मग जे झालं त्याला स्वयंपाक म्हणण्यापेक्षा शर्यत म्हणावं. गॅसच्या सवयीने बकुळाबाई जोर पुरा चढवत आणि शेगडी दोन मिनिटांत कढ आणून दाखवी. पहिला भात तळाला धरला, तो रामनाथरावांच्या नावाने बाजूला काढला. मग नूतन जोर कमी-जास्त करायला बसली, बकुळाबाई वाटण घालायला. एका वेळी एकच भांडं, म्हणून एक उतरलं की दुसरं तयार. भात, बिरडं, खीर, मग उकडहंडी मातीच्या हंडीऐवजी सर्वांत मोठ्या टोपात, झाकणावर पाणी ठेवून. पुऱ्या सपाट बुडाच्या पातेल्यात तळल्या. कढईपेक्षा लवकर झाल्या, हे बकुळाबाईंनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत. घाईत भांडं ओळखायला त्या दर वेळी चुंबक लावत होत्या, सवयच ती. लावायचा, काढायचा, पुढे जायचं.

सव्वाबाराला त्यांनी सगळं जेवण पितळी पातेल्यांत काढलं. वाढणार पितळेतून, दिसणार पितळ, आणि ती अकरा भांडी मागल्या दारी नेऊन गोणपाटाखाली झाकायची, असा बेत. दहा भांडी गेली. उकडहंडीचा टोप तेवढा शेगडीवरच राहिला, त्यात तळाशी थोडी होती, ती रामनाथरावांच्या भाताबरोबर. तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला.

पाहुणे ओटीवर बसले. रिया पुढे येऊन पाया पडली. धीट मुलगी, पाया पडून उठताना तिने सरळ बकुळाबाईंच्या कमरेकडे बघितलं. तिथे कमरेला खोचलेल्या किल्ल्या होत्या. नुसत्याच.

बकुळाबाईंना काही सुचायच्या आत हिराबाईंनी पाय धुतले, पाणी प्यायल्या, आणि सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे रियाची आई. त्यांच्या मागे, शक्य तितक्या लवकर, बकुळाबाई.

हिराबाईंनी वर बघितलं. माळा रिकामा. गाठोडं होतं तिथे धुळीत एक चौकोन, स्वच्छ. मग खाली बघितलं. शेगडीवर त्यांनी लग्नात दिलेला सर्वांत मोठा टोप, त्यात उकडहंडीचा वास, आणि टोपाच्या पोटावर, भोकातून दोरा लोंबत असलेला, बिस्किटाएवढा काळा चुंबक चिकटलेला.

ओटीवरून दीपेशचा खोकल्याचा आवाज आला. त्याला खोकला नव्हता.

रियाच्या आईने टोपाकडे वाकून बघितलं. ती त्या मांडवात होती, चारशेतली एक. तिने नूतनला विचारलं, ही तुझ्या लग्नातलीच ना, आणि ह्यांतच करता का रोज? नूतनने सासूकडे बघितलं. सासूने भिंतीकडे. आयुष्यात तोंड उघडायला बकुळाबाईंना कधी विचार करावा लागला नव्हता, आणि नेमका आज लागत होता. रोज म्हणावं तर माळ्यावरचा तो चौकोन डोळे फाडून बघतोय. नाही म्हणावं तर दीपेश परत मान खाली घालून जेवणार.

तेव्हा हिराबाई भांड्यांवर बोलल्या. आठ वर्षांनी.

"विहीणबाई फार जपून वापरतात गं भांडी," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं झाली, अजून एक ओरखडा नाही."

रियाच्या आईने टोपावरून हात फिरवला. खरंच एक ओरखडा नव्हता. तिचे डोळे भरून आले. सुनेच्या माहेरच्या भांड्यांना कोण इतकं जपतं आजकाल, असं ती ओटीवर जाऊन नवऱ्याला सांगू लागली, आणि त्यातही मोलाच्या पाहुण्यांचं जेवण त्याच भांड्यांत रांधलं हे तिने दोनदा सांगितलं. पानं मांडली. रियाने उकडहंडी तीनदा घेतली. दीपेश मान वर करून जेवला, आणि वर करून ठेवलेली ती मान पान संपलं तरी रियाच्या दिशेनेच होती. विड्याच्या आधीच साखर वाटली गेली. भिकी बारशातून उठून बघायला आली, तिला बकुळाबाईंनी रुमालाविना शेगडी दाखवली आणि तिलाही समजावून सांगितलं, की भांडं घेताना चुंबक लावून बघायचा आणि चिकटलं तरच घ्यायचं. भिकी म्हणाली, बाई, हे तुम्ही आधी उलटं सांगत होता ना? बकुळाबाई म्हणाल्या, ते गॅसचं होतं.

चार वाजता पाहुणे गाडीत बसायला निघाले. हिराबाई मागे राहिल्या. स्वयंपाकघरात आल्या, टोपाला चिकटलेला चुंबक दोन बोटांनी ओढून काढला आणि बकुळाबाईंच्या हातावर ठेवला. उंबऱ्यात उभ्या राहून त्या रिकाम्या माळ्याकडे नाही, सरळ बकुळाबाईंकडे बघत राहिल्या.

बकुळाबाईंना कळत होतं, आता आपण काहीतरी बोलायला हवं. आठ वर्षांपूर्वीच्या मांडवातलं ते वाक्य घशात आडवं आलं होतं. चारशे माणसांत म्हटलेलं, आता एका माणसासमोर गिळायचं होतं. त्यांनी चुंबक कमरेला लावला. किल्ल्या धावत येऊन त्याला बिलगल्या. मग त्यांनी टोप उचलला, उजेडात धरला, आतून बाहेरून नीट पारखला, झाकण बसवून बघितलं, आणि ताठ मानेने निकाल दिला.

"विहीणबाई, भांडी तुमची पहिल्यापासून चांगलीच होती. शेगडीच आठ वर्षं उशिरा आली, त्याला मी काय करणार?"